आई असलेले अनाथ

शास्त्रभाग : ईयोब २४:९, २ राजे ४:१-७, याकोब १:२७



हैदराबादेत नल्लकुंट्याच्या फीव्हर हॉस्पिटलाला जुनी माणसे अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. त्याच्या मागच्या गल्लीत उदगीरकडून आलेली एक बहीण राहत असे. नवरा वारलेला, पदरी दोन मुले. चार घरची धुणीभांडी करूनही खोलीचे भाडे भागेना. एका रविवारी उपासनेनंतर ती मला म्हणाली, “पाळकसाहेब, तुमच्या ओळखीनं पोरांना एखाद्या अनाथाश्रमात घाला. तिथं दोन वेळा जेवतील तरी.” मी त्याच आठवड्यात शिफारसपत्र लिहून दिले. एक सत्कृत्य हातून घडले असे मला वाटले. निघायच्या दिवशी तिच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले, “माझी आई तर आहे. मग मी अनाथ कसा?”

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शास्त्र उघडले, तेव्हा ईयोबाच्या पुस्तकातील एका वचनापाशी थबकलो. ईयोब दुष्टांची कृत्ये मोजून दाखवतो, त्यात तो म्हणतो की, ते पोरक्या लेकराला अंगावरून ओढून नेतात. बंधूंनो, लेकरू अंगावर पीत आहे, म्हणजे आई जिवंत आहे! पवित्र शास्त्रातला पोरका हा बहुधा बाप गेलेला, पण आई असलेला आहे. म्हणूनच शास्त्रात अनाथ व विधवा हे दोन शब्द वारंवार जोडीने येतात. याकोबानेही त्यांचा समाचार घेण्यास सांगितले, तो दोघांचा मिळून. आपण मात्र अनाथाला एका दाराने नेतो आणि विधवेला दुसऱ्या दारात रडत ठेवतो.

आता अलीशाकडे पाहा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा त्याच्याकडे आली. सावकार तिचे दोन्ही मुलगे दास करून नेण्यास आला होता. ‘मुले माझ्याजवळ ठेव, मी त्यांना वाढवतो,’ असे अलीशा म्हणू शकला असता. तो तसे म्हणाला नाही. तुझ्या घरात काय आहे, एवढेच त्याने विचारले. घरात तेलाचे एक भांडे होते. शेजाऱ्यांनी रिकामी भांडी दिली, मुलांनी ती आईच्या हाती दिली, आणि दार लावलेल्या त्या घरात देवाने तेल पुरविले. कर्ज फिटले आणि उरल्यावर मायलेकरांचा निर्वाह झाला. चमत्कार देवाचा होता. परंतु भांडी शेजाऱ्यांची होती.

जगातील राष्ट्रांनाही हे शिकायला पुष्कळ काळ लागला. पहिल्या महायुद्धानंतर, १९२४ साली, राष्ट्रसंघाने जिनीव्हात बालकांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. पोरक्या बालकाला आसरा द्यावा, असे त्यात आले. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांचा करार केला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सामील झाला. घर हिरावलेल्या मुलाला विशेष संरक्षण मिळण्याचा हक्क त्यात आहे. २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, केवळ गरिबी हे मुलाला आईबापांपासून दूर करण्याचे कारण होऊ नये. गरिबी दिसली तर त्या कुटुंबाला हात द्यावा. २०१९ साली आमसभेने पालकांविना असलेल्या मुलांवर पुन्हा ठराव केला. अनाथाश्रमांतील बहुतेक मुलांचे आई किंवा बाप हयात असतात, हे आता जगभर मान्य झाले आहे.

ही दूरदेशीची गोष्ट समजू नका. १९९९ मध्ये व पुन्हा २००१ मध्ये, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, तांड्यांवरील गरीब लंबाडी कुटुंबांकडून तान्ह्या मुली पैसे देऊन घेतल्या जातात व परदेशी दत्तक पाठवल्या जातात, असे आरोप उघडकीस आले. हैदराबादेतील संस्थांची चौकशी झाली. ईयोबाचे वचन आपल्याच जिल्ह्यांत खरे झाले! दत्तकाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये मंजूर केला. पैसे देऊन आईची संमती मिळवू नये, आणि मूल जन्मघरी राहावे म्हणून आधी प्रयत्न व्हावा, हा त्याचा आशय आहे.

कोणी म्हणेल, मग आपल्या मिशनच्या वसतिगृहांचे काय? पंडिता रमाबाईंचे काय? १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणून केडगावला वाढवल्या. त्या मुलींना दुसरा आसरा नव्हता. ज्याला खरोखर कोणी नाही, त्याला मंडळीने घर द्यावेच. परंतु घर असलेल्याचे घर मोडून त्याला आश्रय देणे ही दया नव्हे.

तेव्हा काय करावे? मंडळीच्या यादीत लहान मुले असलेल्या किती विधवा आहेत, हे पंचांनी या महिन्यात पाहावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, एखादे मूल यायचे थांबले तर त्याच्या घरी जा. भाडे, शाळेची फी, शिवणयंत्र ही आजची रिकामी भांडी आहेत. सरकारच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत गरजू विधवेच्या मुलाला घरीच ठेवण्यासाठी महिना ४,००० रुपये साहाय्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हा बालसंरक्षण कार्यालयात करतात. अक्षर न येणाऱ्या आईबरोबर तिथे जाऊन बसणे हीही देवाची सेवा आहे. संकटातील मुलासाठी १०९८ हा क्रमांक शब्बाथशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा.

त्या बहिणीचे भाडे पुढे आमच्यातली सहा कुटुंबे मिळून देऊ लागली आणि दहा महिन्यांनी दोन्ही मुले घरी आली. त्या दहा महिन्यांत धाकटी आईला ‘मावशी’ म्हणायला लागली होती. ते ऐकून मी मान खाली घातली. माझे शिफारसपत्र चांगल्या अक्षरात होते, पण त्या घरात काय आहे, हे मी विचारले नव्हते.

प्रभू आपल्याला तो प्रश्न वेळेवर विचारण्याची बुद्धी देवो. आमेन.