जेवणाऱ्याची जागा

आरोग्यदायी पाककृतींचं पुस्तक काढायचं ठरलं की मांडणी करणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास येतो: कॅलरींची चौकट कुठे बसवायची? पदार्थाच्या नावाखाली, फोटोच्या कोपऱ्यात, की पुस्तकाच्या शेवटी तक्त्यात? प्रश्न छपाईचा वाटतो. पण त्याच्या पोटात फार जुना प्रश्न आहे. अन्न म्हणजे शरीरात भरायचं इंधन, की एका माणसानं दुसऱ्यासाठी रांधलेलं काही? चौकटीची जागा ठरवणारा त्याचंही उत्तर देऊन मोकळा होतो.

लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी आपलं उत्तर निःसंकोच दिलं होतं. १९१८ साली आलेल्या ‘डाएट अँड हेल्थ’मध्ये त्यांनी वाचकांना बजावलं, की यापुढे पावाचा एक काप म्हणायचं नाही, शंभर कॅलरी पाव म्हणायचं. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते, अन्न वाचवणं हे देशकार्य ठरलं होतं. पुस्तक तुफान खपलं. तेव्हापासून ताटावर बसलेल्या माणसाच्या हाती चित्रगुप्ताची वही आली. थोडं जास्त खाल्लं की अपराध, कमी खाल्लं की पुण्य. आजच्या चकचकीत पुस्तकांत पदार्थाच्या चवीआधी आकडा डोळ्यांत भरतो, तो याच वहीचा वारसा.

चरकसंहितेची नजर वेगळी आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराचा विचार आठ अंगांनी केला आहे: पदार्थाची प्रकृती, त्यावरचे संस्कार, संयोग, राशी म्हणजे प्रमाण, देश, काळ, जेवण्याचे नियम आणि शेवटी उपयोक्ता, म्हणजे जेवणारा स्वतः. या आठांपैकी आकड्यात नेमकं मावतं ते प्रमाण. तेही चरक दोन तऱ्हांनी मोजतो, पूर्ण आहाराचं एकत्र आणि त्यातल्या एकेका पदार्थाचं वेगळं. आपली पुस्तकं यातल्या दुसऱ्या मापातच अडकली आहेत. एका पानावर एक पदार्थ, एक फोटो, एक आकडा. सगळं जेवण मिळून कसं दिसतं, हे कुठेच दिसत नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक आहाराची फळं सांगताना आरोग्याच्या शेजारीच सुख आणि प्रीती बसवली आहेत. आरोग्य तिथे एकटं नाही. मांडणीकारानं हा शेजार मोडू नये, एवढीच खरी अपेक्षा.

तो जपायचा कसा, हे मराठी घरातलं वाढलेलं ताट फार सुरेख दाखवतं. वर मधोमध मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, समोर भात. चटणीला जागाच बोटभर, त्यामुळे ती किती खावी हे वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं १९९२ मध्ये आहाराचा पिरॅमिड काढला होता. २०११ मध्ये तो बाजूला ठेवून त्यांनी ताटाचं चित्र स्वीकारलं. प्रमाण डोळ्यांनी कळायला ताटासारखी आकृती नाही.

पुस्तकाच्या रूपात आरोग्य आणि प्रीतीच्या शेजाराचा हा विचार सर्वांत जिव्हाळ्यानं उतरला तो ‘लॉरेल्स किचन’मध्ये. लॉरेल रॉबर्टसन, कॅरोल फ्लिंडर्स आणि ब्रॉनवेन गॉडफ्री या तिघींचं हे शाकाहारी पुस्तक १९७६ साली नीलगिरी प्रेसनं काढलं. त्यामागे प्रेरणा होती एकनाथ ईश्वरन यांची. मूळचे केरळचे ईश्वरन नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवत. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी ध्यानकेंद्र उभारलं. पुस्तक अर्पण केलं आहे कत्तलखान्याकडे निघालेल्या एका काळ्या वासराला. आत लॉरेलनं केलेली चित्रं, काष्ठचित्रांच्या ठसठशीत धाटणीची. पाककृतींच्या आधी लांबलचक गद्य आहे: स्वयंपाक कोणासाठी, कशासाठी, घराचा वेळ कुठे जातो. पोषणाची चर्चा आणि तक्ते आहेत, भरपूर आहेत, पण पाककृतींच्या मागे. आधी माणूस, मग पदार्थ, मग आकडे. हा क्रम हीच त्या पुस्तकाची श्रद्धा आहे, आणि ती पटण्यासारखी आहे.

कमलाबाई ओगल्यांच्या १९७० च्या ‘रुचिरा’नं वाटी-चमच्याचं माप धरलं, तेही याच जातीचं शहाणपण. वाटी घरात असतेच.

अर्थात, मधुमेह झालेल्या माणसाला पिष्टमय पदार्थांचं मोजमाप लागतं, मूत्रपिंडाच्या रुग्णाला मिठाचं. ते लपवणं हा अन्याय होईल. म्हणून आकडे पुस्तकात हवेतच, ठळक आणि वृद्धांनाही वाचता येतील अशा टायपात हवेत. मात्र प्रत्येक पानावर सर्वांच्या माथी नकोत. शेवटी तक्त्यात असले की ज्याला गरज आहे तो उघडतो. त्यात एक व्यवहारही आहे. फ्रान्सेस मूर लापे यांनी १९७१ च्या ‘डाएट फॉर अ स्मॉल प्लॅनेट’मध्ये वनस्पतिजन्य प्रथिनं एकाच जेवणात जुळवून खाण्यावर भर दिला होता, १९८१ च्या आवृत्तीत त्यांनी स्वतःच तो आग्रह मागे घेतला. पोषणशास्त्र असं सुधारत जाणार. तक्ता शेवटी असेल, तर नव्या आवृत्तीत तेवढीच पानं बदलायची, वरण-भाताच्या पानाला हात लावायचा नाही.