वाळूतले वचन

वचन म्हणजे काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा माणसापासून सुरू होते आणि माणसापाशीच संपते. वचनाला भाषा लागते, भाषेला हेतू आणि हेतूला मन. म्हणून मनुष्येतर सृष्टीत संकेत असतील, वचने नव्हेत, असे मानण्याचा प्रघात आहे. विंचवाचे प्रियाराधन या प्रघाताला मोडीत काढत नाही, पण त्याला पूर्वीइतके निश्चिंतही राहू देत नाही.

कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटातला विंचू शिकारीसाठी डोळ्यांवर विसंबत नाही. फिलिप ब्राउनेल यांनी १९७७ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसून आले की, किड्याच्या हालचालीने वाळूत उठणाऱ्या लहरी तो आठही पायांवरील चिरांसारख्या सूक्ष्म इंद्रियांनी टिपतो. कोणत्या पायाशी लहर आधी पोहोचली, यावरून त्याला दिशा कळते आणि तो तिकडे वळतो. त्याच्या जगात कंपन म्हणजे भक्ष्य. त्यात भर म्हणजे, गॅरी पोलिस यांनी नोंदवल्याप्रमाणे, ही जात स्वजातीयांनाही खाते.

अशा जगात नराने मादीजवळ जायचे कसे? त्याचे पाऊलच त्याला भक्ष्य ठरवणार. अनेक जातींचे नर येथे एक विलक्षण गोष्ट करतात. पाय जागच्या जागी रोवून ते सारे शरीर मागेपुढे वेगाने हलवतात. ही थरथर मादीची आक्रमकता शमवते, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर चिमट्यांत चिमटे गुंतवून नर तिला मागेपुढे फिरवतो, योग्य जागा सापडली की जमिनीवर शुक्रकोश ठेवतो आणि तिला त्यावर ओढून आणतो. आपल्या म्हणीने विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर पाहिले, ते पिले वाहणाऱ्या आईचे; त्याआधीची ही रात्रीची फेरी तिच्या नजरेतून सुटली.

ज्या माध्यमातून मरण येते, त्याच माध्यमातून नर आपली ओळख पाठवतो. लपून राहणे शक्य असताना तो आपला ठावठिकाणा उघड करतो. वचनाचे मर्म शब्दांत नसून, प्रत्यंतर येण्याआधीच स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवण्यात असेल, तर या थरथरीत ते मर्म नाही असे छातीठोकपणे सांगणे कठीण आहे. अर्थात ज्याला दुसरे काही करताच येत नाही, त्याने वचन दिले असे कसे म्हणावे, हा आक्षेप उरतोच, आणि तो हलका नाही.

फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र यांनी कंदिलाच्या उजेडात विंचवांच्या या जोड्या पाहिल्या. मीलनानंतर मादीने नराला खाल्ल्याचेही त्यांनी नोंदवले. वाचकाच्या ओठी येथे ‘विश्वासघात’ हा शब्द सहज येतो. तो तपासून घेतला पाहिजे. नराच्या कंपनात ‘मी भक्ष्य नव्हे’ एवढेच निवेदन होते. मादीने उलट काहीच कबूल केले नव्हते. ती थांबली, इतकेच. आपल्या थरथरीलाच दुसऱ्याचा होकार समजण्याची चूक विंचू करतो की नाही, हे सांगता येत नाही. माणसे ती करतात आणि मग फसवणुकीचा आरोप ठेवतात.

नराचे वर्तन तर वेगळेच सुचवते. शुक्रकोश स्वीकारला गेला की अनेक जातींत तो चिमटे सोडवून घाईने दूर होतो. त्या पळण्याचीही कंपने वाळूतून तिच्या पायांपर्यंत पोहोचत असतात.