ऐकण्याआधीचा आकडा

संगीत व्यवसायातल्या एका वक्त्याने अलीकडे एका परिसंवादात ठामपणे सांगितलं की, गाण्याखाली दिसणारा आकडा म्हणजे श्रोत्यांचं मतदान. समीक्षकांची सद्दी संपली, आता लोक ठरवतात. सभागृहात टाळ्या पडल्या. दाखल्यासाठी त्याने रेडिओवरची ‘बिनाका गीतमाला’ही आणली. क्रमवारी तेव्हाही होतीच, मग आज तक्रार कसली? हा दावा मला मान्य नाही, आणि गीतमालेचा आधार तर मुळीच नाही.

मतदान चालू असताना एक्झिट पोल जाहीर करायला आपल्या कायद्याने बंदी आहे. आधीच्यांनी काय केलं हे कळलं की पुढच्याचा हात हलतो, हे त्यामागचं साधं शहाणपण. स्पॉटिफायवर गायकाचं पान उघडा. सर्वाधिक ऐकलेली गाणी वर, प्रत्येकापुढे आकडा. अ‍ॅपल म्युझिकवर अल्बममधल्या लोकप्रिय गाण्याशेजारी तारा. पहिला सूर कानावर पडायच्या आत निकाल डोळ्यांसमोर असतो. याला मतदान म्हणता येत नाही.

यावर प्रयोग झालेला आहे. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी तो 2006 साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची 48 गाणी आणि चौदा हजारांवर श्रोते. काहींना फक्त बँडची आणि गाण्यांची नावं दिसत. बाकीचे आठ गटांत विभागलेले. त्यांना आपल्या गटातल्या लोकांनी कोणतं गाणं किती वेळा उतरवून घेतलं हेही दिसे. गाणी तीच, श्रोत्यांची वाटणीही निव्वळ योगायोगाने केलेली. तरी गटागटात क्रमवारी वेगळी लागली. ‘52मेट्रो’ या बँडचं ‘लॉकडाउन’ एका गटात पहिलं आलं, दुसऱ्यात चाळिसावं. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, टाकाऊ सहसा वर चढली नाहीत; मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकलं. आणि आपण आयुष्यभर जी गाणी ऐकतो त्यांतली बहुतेक मधलीच असतात.

पण आवड घडते कशी, या प्रश्नाच्या मुळाशी सगळ्यांत आधी हात घातला तो थिओडोर अडोर्नोने, असं मला वाटतं. नाझी जर्मनी सोडावी लागलेला हा तत्त्वज्ञ 1938 साली अमेरिकेत पोचला आणि पॉल लाझार्सफेल्डच्या रेडिओ-संशोधन प्रकल्पात रुजू झाला. कचेरी नेवार्कमधल्या एका बंद पडलेल्या बिअरच्या कारखान्यात होती. लाझार्सफेल्डने फ्रँक स्टँटनबरोबर एक यंत्र तयार केलं होतं. श्रोत्याच्या दोन हातांत दोन बटणं. आवडलं की हिरवं दाबायचं, नावडलं की लाल, आणि सरकत्या कागदावर त्याची रेघ उमटे. आजचा वर-खाली होणारा अंगठा त्याच वंशातला.

अडोर्नोला हे काम पटेना. संस्कृती मोजून द्या, ही मागणीच त्याला विपरीत वाटली. त्याचा आक्षेप बटणाला नव्हता, बटणापाशी चौकशी थांबवण्याला होता. श्रोता ‘आवडलं’ म्हणतो, इथून प्रश्न सुरू व्हायला हवा: हे आवडणं आलं कुठून? लोकप्रिय संगीतावरच्या 1941च्या निबंधात त्याने उत्तर दिलं. एखादं गाणं रेडिओवर इतक्या वेळा लावतात की ते टाळता येत नाही. ओळख होते, आणि ओळखल्याचं समाधान आवडल्याच्या जागी येऊन बसतं. मग त्या आवडीची मोजणी होते आणि गाणं पुन्हा वाजवण्याचं कारण म्हणून तीच पुढे केली जाते. ऐंशी वर्षांपूर्वीचं हे वर्णन आजच्या प्लेलिस्टला नेमकं लागू पडतं. फरक इतकाच की तेव्हा लावणारा माणूस होता.

आणि तरीही अडोर्नोच्या हाती रेडिओ द्यायला मी तयार होणार नाही. जॅझ त्याला सगळा एकाच साच्यातला वाटला. त्यातली झेप त्याच्या कानांपर्यंत पोचलीच नाही. आपल्याकडे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांनी 1952 पासून आकाशवाणीवरच्या फिल्मी गाण्यांना आळा घातला. हेतू अभिजात संगीताच्या भल्याचा होता. श्रोते मात्र उठून रेडिओ सिलोनकडे गेले, आणि त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. म्हणजे तो कार्यक्रम जन्मला तोच अभिरुचीच्या राखणदारीला उत्तर म्हणून. रेकॉर्डचा खप आणि श्रोता संघांची पसंती यांवरून पायदान ठरे, पण ते कळे बुधवारी रात्री, ऐकून झालेल्या आठवड्याबद्दल. गाण्याच्या कपाळावर ते कायमचं चिकटत नसे.

म्हणून मोजणीच नको, ही भूमिका टिकत नाही. अमेरिकेत बिलबोर्ड दुकानदारांना विचारून अल्बमची यादी करत असे. मे 1991 पासून बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली, आणि जूनमध्येच एनडब्ल्यूए या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर आला. ती मागणी आधीही होती. दुकानदारांच्या उत्तरांत ती उतरत नव्हती. जिथे माणसांचे पूर्वग्रह प्रतिष्ठेचा वेष घेऊन बसतात, तिथे मोजणी न्याय करते. शिवाय कलावंताचे पैसे मोजल्याशिवाय मिळणार कसे?

तर भांडण दोन गोष्टींशी आहे: काय मोजतात, आणि ते कुणाला, कधी दाखवतात. स्पॉटिफायवर 30 सेकंद ऐकलं की एक प्ले धरला जातो. तीन मिनिटांचं गाणं एक, चाळीस मिनिटांचा ख्यालही एकच. अतिविलंबित एकतालाचं एक आवर्तन पुरं व्हायलाच मिनिटभर लागतं. म्हणजे पहिलं आवर्तन पुरं होण्याआधीच श्रोता मोजून झालेला असतो, आणि पुढच्या सगळ्या बढतीची नोंद शून्य. 2024 पासून तिथे बारा महिन्यांत 1000 प्ले न झालेल्या ध्वनिमुद्रणाला मानधनही मिळत नाही. आकडा मग फक्त माहिती राहत नाही, तो उंबरठा होतो.

दाखवण्याचं म्हणाल, तर यूट्यूबने नोव्हेंबर 2021मध्ये नापसंतीचा आकडा लोकांसमोरून काढला. व्हिडिओ टाकणाऱ्याला तो आपल्या खात्यात दिसत राहिला. मोजून झाकून ठेवणं जमतं, हे त्यातून सिद्ध झालं. प्लेचा आकडाही तसाच गायकाच्या आणि कंपनीच्या हिशेबात राहू द्या.

एवढ्या गाण्यांत नवख्या श्रोत्याने वाट कशी काढायची, हा प्रश्न रास्त आहे. त्याला माणसांची नावं द्या. गीतकार कोण, चाल कुणाची, राग कोणता, घराणं कोणतं. एका नावाचा हात धरून माणूस दुसऱ्या गाण्यापर्यंत जातो. पिढ्यान्‌पिढ्या आपण तसंच ऐकत आलो. आज ही नावं तीन टिंबांच्या आड असतात, आणि अनेकदा तिथेही नसतात. जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण उघडल्यावर तबल्याला कोण बसलंय हे कळायला शोधाशोध करावी लागते. किती जणांनी ते ऐकलं, हे मात्र न विचारता समोर येतं.