पोरानं पेरलंय

२०२० च्या जूनमध्ये शाळा घरात आली. जिल्हा परिषदेच्या शाळेला कुलूप, अन् गुरुजी व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास धाडायचे. मोबाइल एकच, माझा. रेंज गोठ्यामागच्या लिंबाखालीच मिळायची. तिथं पोतं टाकून मी आणि चौथीतली पोर बसायचो.

एकदा चाचणी आली. दहा गणितं सोडवून वहीचा फोटो पाठवायचा. आठव्या भागाकारावर पोर अडली. मी हळूच आकडा सांगितला. मग नववा, दहावा. दहापैकी दहा! ग्रुपवर गुरुजींनी ‘शाबास’ लिहिलं. पोर हसली नाही. म्हणाली, "पप्पा, ह्यातलं माझं किती?"

मदत कुठं संपते आणि लबाडी कुठं सुरू होते? वर्गात हे गुरुजी बघायचे. लिंबाखाली बघणारा मीच, अन् चुकणाराही मीच.

मला आमचे दादा आठवले. पहिल्यांदा पाभर धरली, तेव्हा रुमण्यावरच्या माझ्या हातावर त्यांनी चार पावलं हात ठेवला आणि काढून घेतला. शाळू वाकडातिकडा उगवला. बांधावरनं जाणारे हसायचे. दादा एवढंच म्हणायचे, "पोरानं पेरलंय." त्या बोलण्यात लाज नव्हती.

संध्याकाळी गुरुजींना फोन करून खरं सांगितलं. मार्क सात झाले. दुसऱ्या दिवशी पोर तीच तीन गणितं घेऊन बसली. दोन चुकली. मी गप्प राहिलो. नांगर धरण्यापेक्षा त्याला जास्त जोर लागला.