चरबी, मेदाम्ले आणि शुद्धतेचा प्रश्न

स्टिअरिक आम्ल हे अठरा कार्बन अणूंची साखळी असलेले कार्बॉक्सिलिक आम्ल आहे. ते मेणबत्त्यांत आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. त्याचा मॅग्नेशियमचा क्षार औषधाच्या गोळ्या यंत्राला चिकटू नयेत म्हणून मिसळला जातो. हे आम्ल गुरांच्या चरबीतून मिळते आणि पामतेलातूनही. पुरेसे शुद्ध केले की दोहोंचा रेणू एकच असतो. मग चरबीतून आलेले आम्ल शाकाहारी माणसाला वर्ज्य ठरते का?

चरबी आणि तेल हे ग्लिसरीन व मेदाम्ले (स्टिअरिक आम्ल हे त्यांपैकीच एक) यांच्या संयोगातून झालेले पदार्थ, म्हणजे एस्टर. मिशेल शव्रल या फ्रेंच रसायनज्ञाचा यावरचा ग्रंथ 1823 साली निघाला. आजच्या कारखान्यात उंच मनोऱ्यात खालून चरबी आणि वरून पाणी सोडतात. सुमारे 250 अंश सेल्सियस तापमान आणि 50 बार दाब यांत एस्टर फुटतो. मेदाम्ले वरून निघतात, ग्लिसरीनमिश्रित पाणी खालून. पुढे हेच ग्लिसरीन आणि मेदाम्ले पुन्हा जोडून पाव व आइस्क्रीम यांत घालायचे पायसकारक बनवता येतात. मूळ चरबी मोडली, तिच्या तुकड्यांतून नवा पदार्थ उभा राहिला.

द्रव्य पालटते म्हणजे काय, हा प्रश्न भारतीय दर्शनांतही आहे: मातीचा घडा भट्टीत लाल होतो तेव्हा नेमके काय बदलते, यावर वैशेषिक आणि नैयायिक यांचा वाद आहे. वैशेषिकांच्या पीलुपाकवादानुसार उष्णतेने घडा परमाणूंपर्यंत विघटित होतो, परमाणूंत नवे गुण येतात आणि त्यांतून नवा घडा उत्पन्न होतो. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो की घडा तोच राहतो, गुण तेवढे पालटतात. मेदाम्लांच्या मनोऱ्यात जे घडते ते पहिल्या मताच्या बरेच जवळ आहे. तेथे जुने द्रव्य खरोखरच नष्ट होते. वैशेषिकांचे परमाणू आणि रसायनशास्त्रातले अणू एक नव्हेत, हे मात्र विसरता येत नाही.

इस्लामी न्यायशास्त्रात अशा स्वरूपपालटाला ‘इस्तिहाला’ म्हणतात. मद्याचा आपोआप शिरका, म्हणजे ॲसिटिक आम्लाचे पातळ द्रावण झाले, तर तो शुद्ध मानला जातो. काही मिसळून मुद्दाम शिरका केला तर हनफी पंथ तो ग्राह्य मानतो, शाफिई मानत नाही. अशुद्ध तेलापासून केलेल्या साबणालाही हनफी परंपरेत हाच न्याय लावून शुद्ध ठरवले आहे. द्रव्य पालटले की दोषही गेला, असा हा विचार.

जैन आणि वैष्णव शाकाहाराला हा युक्तिवाद पुरत नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तेथे दोष केवळ द्रव्यात नसतो; तो हिंसेत असतो. जीव मारला गेला, ही घडून गेलेली गोष्ट कोणत्याही मनोऱ्यात विघटित होत नाही. चरबीला मिळणारी किंमत कत्तलीच्या उत्पन्नाचाच भाग असते, त्यामुळे रेणू एकच आहे हे सिद्ध करून शाकाहारी माणसाची शंका फिटत नाही. अशुद्धतेविषयीच्या प्रश्नाला रसायनशास्त्र साक्ष देऊ शकते. अहिंसेविषयीच्या प्रश्नाला मालाचा मागोवा हीच साक्ष.

प्रयोगशाळेला हा मागोवा फारसा घेता येत नाही. खनिज तेलापासून बनवलेले ॲसिटिक आम्ल आणि आंबवून केलेला शिरका यांतला फरक कार्बन-14 दाखवतो, कारण कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कार्बनमध्ये तो उरलेला नसतो. चरबी आणि पामतेल दोन्ही अलीकडे जिवंत असलेल्या प्राण्या-वनस्पतींतून येतात, म्हणून त्यांच्यापुढे ही कसोटी निरुपयोगी ठरते. भारतातील अन्नकायदाही म्हणूनच उगमाकडे पाहतो: दूध-मध यांसारखे अपवाद सोडले, तर प्राणिज घटक असलेल्या पदार्थावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह लावता येत नाही, मग त्या घटकाचा रेणू वनस्पतिजन्य घटकाहून वेगळा असो वा नसो.