झाडूचा वारसा हक्क

जात टिकते ती मनातल्या विटाळामुळे, असं आपण सर्रास म्हणतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. मनं निवळली तरी जात पुढच्या पिढीच्या हाती सोपवणारी एक व्यवस्था कागदोपत्री चालू राहते, आणि तिच्यातले काही कागद अगदी भल्या हेतूने तयार झालेले असतात.

नागपूर महापालिकेतल्या सफाई कामगाराच्या वारसाची फाईलच घ्या. मृत्यूचा दाखला किंवा निवृत्तीचा आदेश, जातीचा दाखला, वारसाचं नाव आणि बाकीच्या भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. या शेवटच्या कागदाआधी घरात किती रात्री भांडणात गेल्या असतील! थोरला बी.कॉम., धाकटा बारावीत अडकलेला, बहीण सासरहून परत आलेली, आणि नोकरी एकच. ज्याला ती मिळेल त्याच्या हातात झाडू येतो, पण पक्का पगारही येतो. बी.कॉम. झालेला मुलगासुद्धा अर्ज करतो, यात नवल ते काय?

ही वाट सफाई कामगारांच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या लाड समितीच्या शिफारशींनी १९७५ साली उघडली, पुढे पागे समितीने ती रुंद केली. हेतू चांगलाच होता. जे काम दुसरं कुणी करत नाही ते करणाऱ्याचं कुटुंब उघड्यावर पडू नये. मेहतर, वाल्मीकी, सुदर्शन समाजातल्या हजारो घरांत यामुळे चूल पेटती राहिली, आणि म्हणूनच हा हक्क काढून घ्या असं म्हणण्याचा अधिकार आम्हा सवर्णांना मुळीच नाही.

पण महाराष्ट्राने हे आधी पाहिलेलं आहे. महारवतन असंच होतं: थोडी जमीन, थोडं बलुतं आणि त्याबदल्यात पिढ्यान्‌पिढ्या गावकी. त्या तुटपुंज्या आशेनेच माणूस गावाला जखडून राहतो, हे बाबासाहेबांनी ओळखलं आणि १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडलं. जमीन हवी, पण वेठीविना, असं त्यांचं म्हणणं होतं. वतनं कायद्याने संपायला १९५८ उजाडलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, याच नागपुरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली होती. पिढीजात कामं नाकारण्याचं बळ त्या दीक्षेने दिलं. त्याच शहरातल्या सफाई वसाहतींत मात्र ते काम हक्क म्हणून राखावं लागलं.

कारण नोकरीला घर बांधलेलं आहे. कामगार निवृत्त झाला की क्वार्टर रिकामं करायचं. वारस लागला तर घर राहतं. घरावाटे भेदभाव पुढच्या पिढीत उतरतो, हे इतरत्रही घडलं: अमेरिकेत १९३० च्या दशकात काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने दाखवून त्यांना गृहकर्ज नाकारलं गेलं. १९६८ च्या कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला, तरी आजोबांना न मिळालेलं घर नातवाच्या गरिबीत आजही दिसतं. तिथे घर नाकारलं गेलं, इथे ते झाडूच्या अटीवर मिळालं.

नागपुरात ‘ऐवजदार’ नावाची आणखी खालची पायरी आहे. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी हजेरी लावायची. या पायरीवर लोकांची वीस-वीस वर्षं गेली. आता घरोघरचा कचरा कंत्राटदाराची माणसं उचलतात. त्यांना वारसा हक्क नाही, पण काम तेच. केंद्र सरकारने गटारं आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्या ३८ हजार कामगारांची नोंद केली, तेव्हा त्यांतले सुमारे ६९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. म्हणजे हक्क गेला तरी जात सुटत नाही. हे मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतं.

पदवीधर वारसाला त्याच्या शिक्षणाप्रमाणे पद द्या, ही कामगारांची मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. पण तिच्याही आधी घराचा प्रश्न सुटला पाहिजे. पंचवीस वर्षं सेवा झालेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर देणारी श्रमसाफल्य आवास योजना राज्यात आहेच. ती पुरती राबवली, तर वारसाच्या अर्जावर सही करताना त्या बी.कॉम. मुलाच्या मनात निदान आईला बेघर व्हावं लागेल ही धास्ती असणार नाही.