हाड पोखरतं कोण?

दाताला कीड नाही, ठणका नाही, तरी बोट लावलं की दात हलतो. पायरियाच्या रुग्णाची ही नेहमीची तक्रार. दात धडधाकटच असतो. त्याला धरून ठेवणारं जबड्याचं हाड झिजलेलं असतं. हे हाड पोखरतं कोण, याचं उत्तर गेल्या साठ वर्षांत पार बदलून गेलं.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. घासणं सुरू करताच पूर्ववत झाल्या. गुन्हेगार सापडला असं वाटलं : दातांवर साचणारा जिवाणूंचा थर. जितका थर जाड, तितकं हाड कमी, असा हिशेब रूढ झाला.

त्या हिशेबाला धक्का दिला तो लो यांच्याच पुढच्या कामाने. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० मजुरांची त्यांच्या गटाने १९७० पासून १५ वर्षं तपासणी केली. या मजुरांना ना ब्रश माहीत होता, ना दंतवैद्य. कीटण आणि सुजलेल्या हिरड्या जवळपास सगळ्यांच्याच. तरीही सुमारे ८ टक्के लोकांचंच हाड झपाट्याने गेलं, ८१ टक्क्यांचं मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांचा आजार हिरड्यांच्या सुजेपलीकडे गेलाच नाही. थर सगळ्यांच्या तोंडात होता. मग फरक कशाचा?

उत्तराचा धागा १९७२ मध्येच हाती आला होता. अमेरिकेत हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींना दातांवरच्या थरातल्या घटकांनी डिवचलं आणि त्या पेशींभोवतालचा द्रव उंदराच्या गर्भाच्या हाडांवर सोडला. हाडं विरघळू लागली. म्हणजे हाड खाण्याचा हुकूम आपल्याच पेशींकडून सुटत होता.

तो हुकूम कसा सुटतो, हे नव्वदच्या दशकाअखेरीस उलगडलं. हाड आयुष्यभर मोडतं आणि नव्याने बांधलं जातं. मोडण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट पेशींचं. त्यांना तयार करणारा रेणू म्हणजे रँकएल. त्याला वाटेतच अडवणारं प्रथिन म्हणजे ऑस्टिओप्रोटेजेरिन. सुजलेल्या हिरडीत जमलेल्या टी आणि बी या पांढऱ्या पेशी रँकएल भरमसाट सोडतात आणि तोल मोडण्याच्या बाजूला झुकतो. २००० साली माणसाच्या पांढऱ्या पेशी दिलेल्या उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यात ऑस्टिओप्रोटेजेरिन दिल्यावर हाडाची झीज बरीच कमी झाली.

मग प्रतिकारशक्तीच दाबून टाकावी का? मुळीच नाही. काही मुलांमध्ये जन्मजात दोषामुळे न्यूट्रोफिल या रक्षक पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीतून बाहेर पडून हिरडीपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. रक्षक कमी म्हणून हाड वाचत नाही. उलट या मुलांचे दात कोवळ्या वयातच पडतात. न्यूट्रोफिल नसल्याने आयएल-१७ हा दाहकारक संदेश बेलगाम वाढतो, हे २०१४ मध्ये दिसलं. २०१७ मध्ये अशाच एका रुग्णाला या संदेशसाखळीला आवर घालणारं औषध दिलं, तेव्हा त्याच्या हिरड्यांची सूज ओसरली. घात प्रतिकाराचा नाही, प्रतिकारातल्या बेतालपणाचा आहे.

२०१८ मधल्या जपानी संशोधनाने आणखी एक शक्यता पुढे आणली. दात पडला की उंदरांच्या तोंडातला जिवाणूंचा उपद्रव शमतो. कदाचित हाड सोडणं ही शरीराची चूक नसून माघार असेल : दात जाऊ दे, संसर्ग आत शिरायला नको.

या साऱ्यातून जिवाणू निर्दोष सुटत नाहीत. ठिणगी त्यांचीच, वणवा आपला. मधुमेह आणि तंबाखू तो भडकवतात, आणि धूम्रपानाने तर हिरडीतून रक्त येणंही झाकलं जातं. म्हणून मधुमेह असेल तर साखरेइतकीच हिरड्यांचीही तपासणी करून घ्या. कीटण काढल्याने दात हलतात, हा समज सोडा. हाड आधीच गेलेलं असतं. कीटणामुळे ती झीज फक्त लपून राहते. गेलेलं हाड पूर्णपणे परत आणण्याचा हमखास उपाय आजही नाही. उरलेलं वाचवणं मात्र बहुतेकांच्या हातात आहे.